कंपासपेटीतले केस

समुपदेशन केंद्रात पालक बरेचदा विचारतात : "टीव्हीवर चेटकिणीची मालिका पाहिल्यापासून पोर रात्री झोपत नाही. तिला काही लागलं तर नसेल?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येतं, पण तेवढ्याने पोर झोपत नाही. म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो. दोन-तीन सारख्या प्रकरणांतले तपशील एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

चोपडा तालुक्यातलं केळीचं गाव. पाचवीतली दहा वर्षांची मुलगी. रात्री दहाची मालिका ती आजी आणि चुलतभावाबरोबर पाहायची. मालिकेच्या एका भागात चेटकीण कंगव्यात अडकलेले केस उचलते, ते बाहुलीला गुंडाळते, काजळाने नाव लिहिते आणि राक्षसाला बोलावते. राक्षस पूर्ण दिसायच्या आतच भाग संपला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले आणि पुढचा भाग बघायचा राहिला. शेवट न कळलेली भीती जास्त दिवस टिकते, कारण मूल तो शेवट स्वतःच रचत बसतं आणि दर वेळी आधीच्यापेक्षा भयंकर रचतं.

त्यानंतर अकरा रात्री मुलगी दिवा लावूनच झोपली. पहाटे अडीच-तीनला रडत उठायची. मागच्या अंगणातल्या संडासाला एकटी जाईना, त्यामुळे आठवड्यातून तीनदा अंथरूण ओलं. एक दिवस आईला तिच्या कंपासपेटीत कर्कटकाखाली दाबून ठेवलेला केसांचा गुंता सापडला आणि घर हादरलं. आजी म्हणाली, "पोरले काहीतरी लागेल शे." भगताला बोलावलं. त्याने केस हातात घेतले आणि "उगवतीकडच्या घरातली बाई" असं सांगितलं. उगवतीकडच्या घरात एक विधवा म्हातारी एकटी राहते. गल्लीतली सगळी पोरं तिला मोठीमाय म्हणतात आणि या मुलीची वेणी कित्येकदा तीच घालायची. अमावस्येला मुलीला मिरचीची धुरी द्यायचं ठरलं. शाळेतल्या बाईंच्या आग्रहावरून पालक त्याआधी केंद्रात आले.

पहिल्या भेटीत भुतांचा विषय काढायचाच नसतो. आधी शरीराकडे बघायचं. मूल रात्री कधी उठतं, यावरून बरंच कळतं. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठतं, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काहीच आठवत नाही : ही झोपेतली दचक. अशा वेळी हलवून जागं न करता फक्त पडू-लागू नये एवढं पाहायचं. पहाटे पूर्ण जागं होतं आणि स्वप्न सांगतं, तर ते दुःस्वप्न. या मुलीचं दुसरं होतं. हातपाय ताठ होणं, झटके, जीभ चावली जाणं यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर, कारण ते फेफरं असू शकतं. अंथरूण नव्याने ओलं होऊ लागलं असेल तर लघवीची आणि साखरेची तपासणी. ती झाली, दोन्ही ठीक निघाल्या.

आणखी एक गोष्ट घाईत राहून जाते. मूल विशिष्ट माणसाला घाबरत असेल तर त्या माणसाने खरोखर काही केलंय का, हे आधी तपासायचं. 'मालिकेचा परिणाम' म्हणून मोकळं होऊ नये. आईवडिलांना बाहेर बसवून मुलीला विचारलं, कुणी मारलं, नको तिथे हात लावला, कुणाला सांगू नकोस म्हणालं का. तसं काहीच नव्हतं.

मग तिला तो भाग दृश्यादृश्याने सांगायला लावला. मध्ये समजूत घालायची नाही, फक्त "मग?" एवढंच. नंतर चेटकीण काढायला सांगितली. चित्रात अंबाडा होता, काठी होती आणि हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. टीव्हीवरच्या चेटकिणीचे केस मोकळे आणि डोळे पांढरे. गोंदण कुठे नव्हतं. हनुवटीवर गोंदण होतं ते मोठीमायच्या. मुलीने हे चित्र भगत येऊन गेल्यावर काढलेलं. त्याआधीचं एक चित्र तिच्या वहीत सापडलं, त्यात ठिपके नाहीत. म्हणजे म्हातारीचा चेहरा मुलीच्या भीतीला घरातल्या मोठ्यांनी चिकटवला होता.

राहिले केस. इतक्या दिवसांत मुलीला कुणी विचारलंच नव्हतं, हे केस कुणाचे? तिने लगेच सांगितलं, "मनाच," म्हणजे माझेच. कंगव्यातले, उशीवरचे, फरशीवरचे स्वतःचे केस ती रोज वेचून पेटीत लपवत होती. का? "ती मना केस लई जाई," चेटकीण माझे केस घेऊन जाईल. स्वतःला वाचवायला तिने केलेली ही तजवीज घरच्यांनी करणीचा पुरावा मानली. आई ऐकून किती तरी वेळ गप्प बसली.

उपचाराचा पहिला भाग घरच्यांनी काय थांबवायचं, हा. "भूत-बित काही नसतं, झोप" हे वाक्य बंद; त्यातून मुलाला एवढंच कळतं की यापुढे सांगायचं नाही. रोज रात्री बॅटरी घेऊन खाटेखाली बघणंही बंद. बघण्यासारखं काही नसेल तर मोठी माणसं रोज कशाला बघतात, असा मुलाचा हिशोब असतो. आजी रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहरी ओवाळायची. त्यावर वाद घातला असता तर आजी विरोधात गेली असती आणि नातीला जवळ घेणारं सगळ्यात मोठं माणूस गमावलं असतं. तिला फक्त तीन आठवडे थांबायला सांगितलं आणि बदल्यात रोज नऊला नातीला अहिराणी ओवी म्हणायचं काम दिलं. आजी कबूल झाली. ओव्या तिला शेकड्याने येत होत्या.

दुसरा भाग, भीती कशी तयार होते ते मुलीला दाखवणं. मोबाइलवर त्या भागातला फक्त वीस सेकंदांचा तुकडा, सकाळी दहा वाजता, उजेडात, आणि थांबवायचं बोट मुलीचंच. पहिल्यांदा आवाज बंद करून. आवाज गेला की चेटकीण निम्मी होते, हे मुलांना लगेच जाणवतं. दुसऱ्यांदा दृश्य किती वेळा बदललं ते मोजायचं. तिने सात मोजले. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता आवाज : आधी शांतता, मग घुमणारा खर्ज, मग एकदम मोठा दणका. दचकायला लावतो तो दणका. चेहरा त्याच वेळी समोर येतो म्हणून चेहऱ्याची भीती बसते. पांढरे डोळे म्हणजे रंगीत लेन्स. हवेत उडणं म्हणजे कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या तारा, ज्या नंतर संगणकावर पुसतात. पडद्यावरचं रक्त बहुधा साखरेच्या पाकासारखं घट्ट द्रावण आणि खायचा रंग. हाड मोडल्याचा आवाज बरेचदा भाजी मोडून काढतात. तिला दोन काकड्या दिल्या. पहिली मोडताना ती दचकली, दुसरी मोडताना हसली. चौथ्यांदा आवाजासकट पूर्ण तुकडा पाहिला. दहापैकी भीती किती, तर आधी नऊ, शेवटी चार.

इथेच वडिलांनी घाई केली. चारवर आली ना, मग मोडूनच टाकू, म्हणून त्याच रात्री दहाला त्यांनी अख्खा भाग तिला धरून बसवून दाखवला. मुलगी मध्येच रडत पळाली आणि पुढच्या चार रात्री पुन्हा पहिल्यासारख्या गेल्या. हे फार घरांत होतं. भीतीच्या गोष्टीसमोर बसवून उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा भीती उतरेपर्यंत तिथे थांबता येतं आणि थांबायचं की नाही हे मुलाच्या हातात असतं. भीती शिखरावर असताना मूल पळालं, तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो. वडिलांना रागावून काही साधलं नसतं. पुढच्या पायऱ्यांवर मोजणीचं काम त्यांनाच दिलं.

मागच्या दारापासून संडास चौदा पावलं. पहिली पायरी दिवसा एकटीने. मग तिन्हीसांजेला, आई दारात आणि बोलत. मग आई दारात पण गप्प. मग रात्री आठला वडील अर्ध्या वाटेवर, मग दारात, मग घरात राहून मोठ्याने वीसपर्यंत मोजत, आणि शेवटी मोजणीशिवाय, हातात बॅटरी. प्रत्येक पायरी सलग तीन दिवस. भीतीचा आकडा तीनच्या खाली आला की पुढची. चौथ्या पायरीवर गाडं अडलं. कुंपणापलीकडे काहीतरी खरखर वाजायचं. दुपारी वडील तिला तिथे घेऊन गेले : केळीच्या खोडाला लोंबणारी वाळकी पानं, वारा आला की एकमेकांवर घासत होती. तिने स्वतः चार पानं हलवून आवाज काढून पाहिला. रात्री कधी ऐकू येणारी किंकाळी गव्हाणी घुबडाची निघाली. उंदरांवर जगणारा हा पक्षी शेतकऱ्याच्या कामाचा, पण त्याचा आवाज खरंच वाईट आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

झोपेचं गणित साधं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते. दहाची मालिका पाहून सकाळची शाळा गाठणाऱ्या मुलीला ती मिळत नव्हती. कमी झोपेवर स्वप्नं बिघडतात. आठनंतर पडदा बंद, पाणी बहुतेक संध्याकाळी सातच्या आत, झोपण्याआधी लघवी. ओलं झालं तर न बोलता चादर बदलायची. मंद दिवा डोळ्यांसमोर नको, पायथ्याशी. समोरच्या दिव्याने भिंतीवर सावल्या पडतात.

दुःस्वप्नावर एक पद्धत चांगली चालते. दिवसा, दहा मिनिटं, त्याच स्वप्नाचा शेवट मुलाने बदलून लिहायचा किंवा काढायचा आणि तोच रोज मनात फिरवायचा. शेवट मोठ्यांनी सुचवायचा नाही. या मुलीने लिहिलं : चेटकीण घरात येते, तेवढ्यात लाइट जाते, चेटकीणच घाबरते आणि म्हणते, बॅटरी आहे का. भारनियमन पाहिलेल्या पोरीला हे सुचणारच. नवव्या दिवशी तिला ते स्वप्न पडणं थांबलं.

अकरावीतला चुलतभाऊ सांगत होता की रात्री छातीवर कुणीतरी बसतं, हलता येत नाही. त्यामुळे घरच्यांची खात्री आणखी पटलेली. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. ते सैल असतानाच जाग आली तर काही सेकंद ते दोन-एक मिनिटं हलता येत नाही आणि खोलीत कुणी असल्यासारखं वाटतं. जागरण आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं. मोबाइल अकराला बंद आणि कुशीवर झोप, एवढंच त्याला सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला मोठीमायसाठी. भगताचं वाक्य गल्लीत पसरलं होतं, दोन घरांनी तिच्याकडे दूध देणं थांबवलं होतं. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, डाकीण ठरवलेल्या बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडावं लागलं आहे, जीवही गेले आहेत. तिथेही सुरुवात अशाच एखाद्या वाक्याने होते. पालकांना कायदा सांगितला. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्या व्यक्तीला करणी करणारी म्हणून बदनाम करणं आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं, दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. धाक घालायचा नव्हता. पण धुरी रद्द झाली ती बहुतेक या आकड्यांमुळेच. आईने दोन्ही घरी जाऊन केस मुलीचेच होते, हे स्वतः सांगितलं. मुलीला माफी मागायला लावलं नाही, तिने कुणाचं नाव घेतलंच नव्हतं. आधी लांबून हात हलवणं, मग आईबरोबर ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडणं, मग तेल आणि वेणी, असं दोन आठवड्यांत जमलं.

मालिकेबद्दल थोडंच. 'काल्पनिक' ही सुरुवातीची पट्टी मुलं वाचत नाहीत. सेट-टॉप बॉक्सला पालकांचं कुलूप असतं; पिन बदलून वाहिनी बंद करता येते. ओटीटीवर 13+, 16+ अशा खुणा असतात, त्या पाहा. मोबाइलवरचे तुकडे मात्र कुठल्याच कुलपात सापडत नाहीत, तिथे शेजारी बसणं हाच उपाय.

भीती महिनाभर उतरली नाही, मूल शाळेत जाईना, जेवण तुटलं, किंवा पूर्ण जागं असताना आवाज ऐकू येऊ लागले, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. 14416 ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

सातव्या आठवड्यात गल्लीत केसांवर फुगे देणारा आला. मुलीने कंपासपेटी आणून त्याच्यासमोर उपडी केली. केस फार थोडे, म्हणून त्याने एकच फुगा दिला; तिने भांडून दोन घेतले. रात्री संडासाला मात्र ती अजून बॅटरी घेऊनच जाते.