हॅलोवीनला पाहुणी म्हणून नको, मदतीला जा

सप्टेंबरमध्ये नाशिकहून इथे कॅनडात, मिसिसागाला येतेयस, मुलगी सहा वर्षांची, नवऱ्याची नोकरी ठरलेली, तुझी अजून नाही. ‘ओळखी कशा होतील आणि माझ्या इंग्रजीचं काय?’ असं विचारलंस. आल्या आल्या जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये किंवा लायब्ररीत जा आणि हॅलोवीनला मदत हवी का, विचार. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात तो हा सण 31 ऑक्टोबरचा, पण मदतीला माणसं आधीपासून शोधतात. मुलांमध्ये काम करायचं तर बऱ्याच ठिकाणी पोलिसांचा दाखला मागतात, ‘व्हल्नरेबल सेक्टर चेक’. त्याचं पहिल्याच भेटीत विचारून घे.

काम मागताना क्राफ्टचं टेबल माग. पेपर प्लेटचा कोळी, टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याचं वटवाघूळ, वर डोळे चिकटवायचे. समोर चार वर्षांचं पोर डिंकाने बरबटलेलं असताना तुझं व्याकरण कुणी तपासत नाही. शेजारी बहुधा हायस्कूलची मुलं असतील, कारण आपल्या ऑन्टारिओ प्रांतात शाळा पूर्ण करायला 40 तास समाजसेवा लागते. इथलं बोलणं मी त्यांच्याकडून शिकले, तेवढं कुठल्या क्लासात शिकले नाही.

खाऊचं मात्र नीट ऐक. पहिल्या वर्षी मी हौसेने दाण्याचे लाडू करून नेले आणि मला दारातच थांबवलं. फार लागलं मनाला. मग एका आईने पर्समधलं इंजेक्शन दाखवलं. तिच्या मुलाच्या पोटात चुकून शेंगदाणा गेला तर त्याचा श्वास कोंडतो, म्हणून ते कायम जवळ. तेव्हापासून मी घरचं काही नेत नाही. बंद पाकीट, त्यावर घटक छापलेले, शेंगदाणे नसलेलं, एवढंच. तुम्ही शाकाहारी आहात म्हणून आणखी एक: गमी आणि मार्शमेलो या मऊ, चघळायच्या गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेलं. मी जिलेटिन नसलेल्या खाऊचा वेगळा वाडगा सुचवला, तो आता दर वर्षी असतो. ज्यांना कुठलाच खाऊ चालत नाही त्यांच्यासाठी पेन्सिली आणि स्टिकर. कुणाच्या दाराशी मोरपंखी रंगाचा भोपळा दिसला, तर तिथे खाऊऐवजी अशी वस्तू मिळते असं समज. ही पद्धत अमेरिकेतल्या टेनेसीत सुरू झाली आणि 2014 पासून सगळीकडे पसरली.

भुताखेतांचा सण म्हणून सासूबाई धास्तावल्यात, त्यांना सांग की याचं मूळ आयर्लंडकडचं आहे. हिवाळ्याच्या तोंडावर मेलेली माणसं घरी येतात अशी तिथे समजूत होती. सर्वपित्री पाळणाऱ्या घराला हे परकं वाटू नये. 2024 साली नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरलाच आली होती. पहाटे मी माझ्या लेकीला उटणं लावलं आणि संध्याकाळी तीच चेटकीण होऊन दारोदार हिंडली.

तुझ्या मुलीचा सोंगाचा पोशाख एक माप मोठा घे, आत स्वेटर घालावं लागतं. सणाला दाराशी ठेवायला कोरलेल्या भोपळ्याच्या बिया टाकू नकोस, मीठ लावून भाज. घारग्यांना मात्र तो भोपळा नको, फार पाणचट असतो. दुकानात खाण्यासाठीचे छोटे भोपळे, ‘पाय पंपकिन’, मिळतात, त्यांचे छान होतात.