वाचकांचे प्रश्न : हा आकडा कोणत्या नवी मुंबईचा?

प्रश्न : मी बी.एम.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय 'नवी मुंबईतील छोटे उद्योग'. प्राथमिक आणि दुय्यम, दोन्ही स्रोत हवेत असे मॅडम म्हणतात. कंपनीचा वार्षिक अहवाल कशात धरायचा? आणि इथले आकडे कुठे मिळतील? (विद्यार्थिनी, खारघर)

उत्तर : कंपनी आपल्या कर्जाबद्दल भागधारकांना काय सांगते, हे तपासत असाल तर अहवाल हाच मूळ दस्तऐवज, म्हणून प्राथमिक. त्यातली विक्री उचलून उद्योगाची वाढ दाखवणार असाल तर तो दुय्यम. कोणत्या अर्थाने वापरला ते एका वाक्यात लिहून ठेवा.

आकड्यांच्या आधी हद्द ठरवा. बहुतेक प्रोजेक्ट इथेच बिघडतात. खारघर सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत येते, नवी मुंबई महापालिकेत नाही. २०१६पासून ते पनवेल महापालिकेत आहे आणि जिल्हा रायगड. २०११च्या जनगणनेत नवी मुंबईची लोकसंख्या सुमारे ११ लाख २० हजार दिसते, ती फक्त महापालिकेची; तुमचे खारघर तिच्यात नाही. ठाणे जिल्ह्याचा त्याच जनगणनेतला १ कोटी १० लाखांचा आकडा मात्र पालघर धरून आहे, कारण पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. हा आकडा नंतरच्या आकड्याशेजारी ठेवला की जिल्हा आक्रसल्यासारखा वाटतो आणि नसलेल्या घटीची कारणे शोधली जातात. तालुक्यांचे आकडे घ्या आणि बेरीज स्वतः करा. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात ते मिळतात. प्रत्येक तक्त्याखालची टीप वाचा. पुस्तकाचे वर्ष आणि आकड्याचे वर्ष अनेकदा वेगळे असते.

वार्षिक उद्योग पाहणीत मुख्यतः नोंदणीकृत कारखानेच येतात, म्हणजे कामगारांची ठरावीक किमान संख्या असलेले. रबाळे एमआयडीसीतला सहा माणसांचा गाळा तिथे सापडणार नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी उद्यम नोंदणीत तो असू शकेल, पण ती नोंदणी १ जुलै २०२०ला सुरू झाली आणि १ एप्रिल २०२५ला या उद्योगांची व्याख्या बदलली. सूक्ष्म उद्योगाची गुंतवणुकीची मर्यादा १ कोटीवरून अडीच कोटी झाली, उलाढालीची ५ कोटींवरून १० कोटी. कालचा लघु उद्योग काहीही न बदलता आज सूक्ष्म ठरू शकतो, म्हणून या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एका आलेखात जोडू नका. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून पाहता येतो. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा तिथे मिळत नाही. तिथे प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही.

प्रश्न : गूगल फॉर्मवर ११२ उत्तरे आली, सर ३८५ मागतात. वाढवू कशी? (एम.कॉम., ठाणे)

उत्तर : ३८५ हा आकडा मोठ्या समूहासाठी, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीची मुभा धरून येतो, आणि निवड यादृच्छिक, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची संधी देणारी असेल तरच त्याला अर्थ आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलेल्या फॉर्मला हजार उत्तरे आली तरी ती ओळखीच्यांचीच राहतात. सरांशी बोलून नमुना लहान पण नीट घ्या. वागळे इस्टेटमधल्या २४० युनिटांची यादी मिळाली आणि ४० हवी असतील, तर १ ते ६मधली एक चिठ्ठी उचला आणि तिथून दर सहावे युनिट घ्या. बंद असेल तर दोनदा पुन्हा जा. शेजारचा उघडा गाळा बदली म्हणून घेऊ नका : जे नेहमी बंद सापडतात त्यांचीच स्थिती वेगळी असण्याची शक्यता जास्त. किती जण भेटले नाहीत तेही लिहा.

आधी पाच जणांवर प्रश्नावली तपासा. 'नफा किती' विचारले की बोलणे तिथेच थांबते. कामगार किती, पाळ्या किती, गेल्या आठवड्यात किती ऑर्डरी गेल्या, असे विचारा; उलाढाल शेवटी आणि गटांत, 'अमुक ते अमुक लाख' अशी. उत्तरे त्याच दिवशी वहीत उतरवा.

प्रश्न : वाशी मार्केटमधले भाजीचे व्यापारी दोन मिनिटेही देत नाहीत. (विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर : पहाटे माल उतरत असताना जाऊ नका, विक्री आटोपल्यावर दुपारच्या सुमाराला जा. कॉलेजचे पत्र आणि ओळखपत्र हाताशी ठेवा. भाव त्यांना विचारण्याची गरजच नाही. आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोज येतात. किमान-कमालची सरासरी काढू नका, सर्वसाधारण दराचाच रकाना घ्या. दर क्विंटलचा असतो. नेरूळच्या भाजीवाल्याच्या किलोच्या भावाशी ताडताना १००ने भागा. आणि यादीत 'वाशी' शोधू नका, ही बाजार समिती तिथे 'मुंबई' या नावाने आहे.