चावी काढलेली गाडी क्रूझ कंट्रोलमुळे पेटू शकते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या ताईंनी सहा वर्षं वापरलेली सेडान घेतली. तिला कंपनीचं क्रूझ कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता वेग एकसारखा राखणारी सोय, नव्हतं, आधीच्या मालकाने बाहेरून किट बसवून घेतलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी अमेरिकेत उभ्या गाड्या क्रूझ कंट्रोलमुळे पेटल्याचा मेसेज टाकला आणि सेक्रेटरींनी गाडी स्टिल्टखालून, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमधून, हलवायला सांगितलं. ताई विचारतात, की चावी पर्समध्ये, इंजिन थंड, क्रूझचं बटण बंद, मग पेटायला आत उरलंच काय?

उरतो तो करंट, ताई. चावी काढली म्हणजे गाडी बंद झाली असं आपण समजतो, पण बॅटरी झोपत नाही. घड्याळ, सेंट्रल लॉक, हॉर्न, पार्किंग लाइट, ब्रेक लाइट यांना चावीशिवायही पुरवठा असतो. आमच्या धंद्यात त्याला ‘डायरेक्ट’ म्हणतात, आणि चावी फिरवल्यावर येतो तो ‘चावीचा करंट’. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन शब्दांत आहे. किटला पुरवठा देणारी लाल तार डायरेक्टवर आहे की चावीवर, एवढंच बघायचंय.

मी वीसेक वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय, आधी कुर्ल्याला उस्तादाच्या हाताखाली, नंतर भांडुपला स्वतःचं दुकान. त्या अनुभवावरून सांगतो, की सेक्रेटरींची भीती अगदीच हवेतली नाही. फक्त ती चुकीच्या वस्तूवर बसली आहे.

मेसेजमधली गोष्ट खरी आहे. ती फोर्डची. १९९९ साली अमेरिकेत त्यांनी १९९२-९३ च्या क्राउन व्हिक्टोरिया, टाउन कार वगैरे मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या. मग २००५ मध्ये एफ-१५० सारखे पिकअप आले, पुढे आणखी मॉडेलं, आणि २००९ च्या शेवटच्या मोठ्या रिकॉलमध्ये एकदम ४५ लाख गाड्या. सगळे आकडे जोडले तर १ कोटी ४० लाखांच्या वर जातात. दोष एकच, क्रूझ तोडणाऱ्या एका स्विचचा, दहा वर्षं पुरला. ही मॉडेलं आपल्याकडे कधी विकली गेली नाहीत, त्यामुळे तुमच्या पार्किंगमध्ये तो स्विच सापडणार नाही. पण तो पेटायचा कसा हे समजून घ्या, कारण तोच प्रकार वेगळ्या वेषात इथेही येतो.

क्रूझ लावलेली गाडी ब्रेक दाबताच क्रूझमधून सुटली पाहिजे. त्यासाठी पेडलपाशी एक स्विच असतोच. त्या गाड्यांत सुरक्षेसाठी आणखी एक होता, मास्टर सिलेंडरजवळ, म्हणजे ब्रेकच्या मुख्य पंपापाशी, ब्रेक ऑइलच्या लाइनवर. ब्रेक जोरात दाबला, ऑइलचं प्रेशर वाढलं, की तो क्रूझचा करंट तोडायचा. म्हणजे अंगठ्याएवढ्या डबीत एका बाजूला ब्रेक ऑइल, दुसऱ्या बाजूला बॅटरीचा करंट आणि मध्ये एक पातळ पडदा. प्रत्येक ब्रेकला पडदा वाकणार. काही वर्षांनी त्याला चीर गेली की ऑइल करंटच्या बाजूला झिरपायचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं झालं की विजेला वाट देतं. आतला धातू गंजायचा, हळूहळू करंट भलत्या वाटेने वाहायला लागायचा, डबी तापायची, प्लास्टिक पेटायचं. आणि हा स्विच डायरेक्टवर होता. म्हणून इंजिन बंद करून माणूस घरात जेवायला बसल्यावरही बाहेर गॅरेजमध्ये गाडी पेटत होती. क्रूझ वापरत असा वा नसा, काही फरक नाही.

इथे नेहमी एक प्रश्न येतो, की फ्यूज होता ना? होता. दुकानात पोरांना हे समजावताना माझा घसा बसायचा. फ्यूज तारेला वाचवतो, तारेच्या टोकाला लावलेल्या वस्तूला नाही. पंधरा अँपिअरचा फ्यूज पंधराच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. आता समजा त्या ओल्या, गंजलेल्या डबीतून पाचच अँपिअर गळतायत. बारा व्होल्ट गुणिले पाच, साठ वॅट. आम्ही ज्या सोल्डरिंग आयर्नने शिसं वितळवतो ते पंचवीस वॅटचं असतं. म्हणजे अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या डबीत दोन सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून तुम्ही झोपायला गेलात, आणि फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. म्हणूनच कंपनीने तिथे शेवटी काय केलं? सुट्टे भाग नव्हते तोवर स्विचचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, सरळ काढून ठेवला, आणि नंतर त्या लाइनमध्ये वेगळा फ्यूज असलेली छोटी वायर घातली.

हे सगळं जुन्या जमान्यातलं वाटत असेल तर २०२३ चं बघा. ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून ३३ लाखांच्या वर गाड्या परत बोलावल्या. तिथे क्रूझचा संबंध नव्हता, एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये आतल्या आत ब्रेक ऑइल गळून शॉर्ट व्हायचं. मालकांना सांगितलं गेलं, की दुरुस्ती होईपर्यंत गाडी इमारतीपासून लांब, उघड्यावर लावा. तुमच्या सेक्रेटरींनी वेगळं काय सांगितलं? माणूस तापट असेल, पण सल्ला वेडगळ नाही.

आता तुमची गाडी. अलीकडच्या गाडीत कंपनीचं क्रूझ म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअर. अ‍ॅक्सिलरेटरला केबल नाही, सगळं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बघतो, ब्रेकची खबर पेडलवरच्या स्विचकडून मिळते, ऑइलमध्ये बुडालेला तो वेगळा स्विच त्यात नसतो. तुमच्या गाडीत ते कंपनीचं क्रूझ असतं तर मी म्हटलं असतं, आरसीवरचा चॅसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल आहे का बघा आणि निवांत झोपा. रिकॉल आपल्याकडे २०१२ पासून कंपन्या आपणहून जाहीर करत होत्या, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारलाही तो अधिकार मिळाला. पण हा रिकॉल गाडीचा. आधीच्या मालकाने कुठल्याशा दुकानातून बसवून घेतलेला काळा डबा कोण परत बोलावणार?

ही किटं बसवतात कशी ते सांगतो. अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा कपलर काढून मध्ये किटचा कपलर घुसवतात, ते काम बहुधा नीट असतं. खरी गोम दोन तारांत आहे. किटला ब्रेकचा सिग्नल लागतो, तो ब्रेक पेडलच्या स्विचवरून घेतात. आणि किटला पुरवठा लागतो. तो चावीच्या करंटवरून, स्वतंत्र छोटा फ्यूज लावून घ्यायला हवा. त्यासाठी डॅशबोर्डचं खालचं पॅनेल काढायला लागतं, फ्यूज बॉक्स शोधायला लागतो. पण पोरगा आधीच पेडलखाली उताणा पडलाय, संध्याकाळचे सात वाजलेत, समोरच ब्रेक स्विचवर करंट आहे. तिथलीच तार सोलली, पीळ दिला, टेप मारली, झालं. ब्रेक लाइट चावीशिवाय लागतात की नाही? म्हणजे ती लाइन बहुतेक गाड्यांत डायरेक्ट. म्हणजे किट चोवीस तास जिवंत, आणि तिच्यावर फ्यूज कुठला, तर ब्रेक लाइटच्या लाइनचा, दहाचा किंवा पंधराचा. वर सांगितलेल्या अमेरिकन डबीपेक्षा हे फार वेगळं नाही. फक्त ऑइल नाही. ऑइलचं काम मुंबईत पाणी करतं.

२९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस आठवत असेल. त्या दिवशी हिंदमातापाशी एका गिऱ्हाइकाची, असंच किट बसवलेली गाडी फूटपाथला लागून उभी होती, आत मॅटपर्यंत पाणी. पाणी उतरलं, गाडी सुकवली, चालूही झाली. दहा-बारा दिवसांनी गृहस्थ आले, रोज सकाळी बॅटरी उतरते म्हणाले. आणि गाडीत मासळीचा वास येतो. बायकोने आदल्या रविवारी सुरमई आणली होती, पिशवी सांडली असणार असं त्यांच्या घरात ठरलेलं होतं, दोनदा सीटकव्हर धुऊन झाली होती.

मी वाकून ब्रेक पेडलच्या वर नाक नेलं तर वास तिथून. तापलेल्या कपलरचं प्लास्टिक कधीकधी असाच वास मारतं, जळकट नाही, सरळ मासळीसारखा. वर हात घातला तर किटचा डबा कोमट. गाडी दोन तास बंद होती. टेप सोडवली, तिचा गोंद काकवीसारखा बोटांना आला. आत तांब्याच्या तारा हिरव्यागार, कपलरच्या एका पिनपाशी पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं आणि कडेने मऊ पडून वाकलेलं. फ्यूज काढून उजेडात धरला. पंधराचा, निळा, आतली पट्टी अखंड. तो फ्यूज मी बरीच वर्षं गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता, ‘फ्यूज आहे ना’ म्हणणाऱ्यांना दाखवायला.

तुमच्या गाडीला पाणी लागलंय की नाही, आधीचा मालक सांगणार नाही. उंदीर तर सांगतच नाहीत. पावसाळ्यात स्टिल्टखाली उभ्या गाडीत ते ऊब शोधत येतात आणि तारांचं वेष्टन कुरतडतात.

घरच्या घरी काय बघाल? गाडी लॉक करून एक-दीड तास उभी ठेवा. मग ड्रायव्हरच्या पायापाशी टॉर्च घेऊन वर बघा. काळा डबा, त्याला गाडीच्या बाकी वायरिंगशी न जुळणाऱ्या रंगाच्या तारा, टेपचे जोड. डब्याला आणि जोडांना उलटा हात लावा. जराही कोमट लागलं तर पुढची तपासणी नको, बोनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह (-) तार काढा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो, दोन मिनिटांचं काम. घड्याळ शून्यावर जाईल, पॉवर विंडोचं ऑटो परत शिकवावं लागेल, एवढंच. थंड असेल तरी इलेक्ट्रिशियनकडून चावी काढलेल्या अवस्थेत किटच्या पुरवठ्याच्या तारेवर मीटर लावून घ्या. शून्य आलं पाहिजे. बारा व्होल्ट आलं तर तार डायरेक्ट आहे.

एकूण गळती मोजायची असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबायला सांगा, सगळे मोड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपल्यावर साधारण पन्नास मिलीअँपिअरच्या आत हवी. पण एक लक्षात घ्या, मीटरवर गळती कमी आली म्हणजे जोड चांगला असं नाही. कोरड्या डिसेंबरात सगळं ठीक दिसतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर किट काढून टाका. चावीच्या करंटवर, दोन-तीनच्या फ्यूजवर नीट बसवता येतं, मी बसवलेलीही आहेत. पण तुम्ही लिहिलंय, की गाडी रोज मुलुंड ते ठाणे जाते. मुलुंड चेकनाक्यावर क्रूझ लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. वर्षातून दोनदा एक्स्प्रेसवेला जाल, त्यासाठी बारा महिने पायाशी परक्याने पीळ दिलेली तार कशाला? विमा कंपनीला असं बाहेरचं फिटिंग कळवलेलं नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअरचे प्रश्न वेगळेच.

काढून घेताना मात्र समोर उभ्या राहा. नुसता डबा काढतात आणि तार तशीच लोंबकळत ठेवतात, टोकाला टेपचा बोळा. ती तार अजून जिवंतच असते, आता तिला डबाही नाही, फक्त पत्र्याला टेकायचं बाकी. तार तिच्या उगमापाशी काढायला लावा. जिथे गाडीची मूळ तार सोलली होती तिथे सोल्डर करून हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी, नळी चढवायला सांगा, काळी टेप नको. पेडलचा मूळ कपलर टक् आवाज येऊन बसला पाहिजे. मग चावी न लावता ब्रेक दाबा आणि कुणाला तरी मागे उभं करून दोन्ही बाजूंचे आणि वरचा ब्रेक लाइट लागतो का बघा. हे विसरलात तर आगीपासून वाचाल आणि मागून कुणीतरी ठोकेल.

तोवर सेक्रेटरींशी भांडू नका. तुमच्या स्टिल्टमध्ये गॅसची पाइपलाइन आणि विजेचे मीटर गाड्यांच्या डोक्यावरच असतील तर त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. निगेटिव्ह काढून ठेवते, चार दिवसांत किट काढून आणते असं सांगा. आणि वॉचमनला एक सांगून ठेवा, कुठल्याही गाडीच्या बोनेटमधून धूर दिसला तर बोनेट उघडायचं नाही. उघडलं की आत हवा जाते आणि भडका तोंडावर येतो. आधी माणसं लांब, मग १०१.

उद्या उजेडात पेडलच्या वरचा एक फोटो काढून पाठवा. डब्याचा नको, लाल तारेचं दुसरं टोक जिथे जातं तिथला.