वाचकांचे प्रश्न : माचू पिचूची पायवाट

प्रश्न : कळसूबाई, हरिश्चंद्रगड सहज होतात. पेरूतली, माचू पिचूला जाणारी चार दिवसांची इंका ट्रेल मे महिन्यात जमेल का? तयारी काय करावी?

उत्तर : पाय साथ देतील, खरा प्रश्न उंचीचा आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. या वाटेवरची सर्वांत उंच खिंड, वार्मिवान्युस्का, ४,२१५ मीटर. तंदुरुस्त माणसालाही विरळ हवेचा त्रास होतोच. विमान जिथे उतरतं ते कुस्को शहरच ३,४०० मीटरवर आहे. म्हणून उतरल्यावर थेट ओयान्तायताम्बो या खालच्या गावाला (सुमारे २,८०० मीटर) जाऊन दोन रात्री काढा, मग कुस्को. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आधीच सांगा. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं सुरू झालं तर वर चढू नका, लगेच खाली उतरा.

वाटेवरचा दुसरा दिवस सर्वांत कठीण. खिंडीपर्यंत बोलता येईल इतक्याच वेगानं चढा. त्यानंतर साधारण ६०० मीटर दगडी पायऱ्यांचा उतार आहे, आणि गुडघे दुखतात ते इथेच. काठी पाच-सात सेंटिमीटर लांब करा, बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आवळा, नखं आधीच कापा. नाहीतर बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळीनिळी होतात. काठीच्या टोकाला रबरी टोपण हवंच.

परवाना मात्र आत्ताच काढा. गाईड, हमाल धरून दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश मिळतो. परवान्यावर पासपोर्ट क्रमांक असतो. मध्ये पासपोर्ट बदलला तर जुनाही सोबत न्या. फेब्रुवारीत वाट बंद असते, मे उत्तम.