छोट्या तटस्थ देशाला सैन्य कशासाठी लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: देश लहान, कोणत्याही लष्करी गटात नाही, कुणाशी वैर नाही. उद्या एखादी महासत्ता चालून आलीच, तर आपलं सैन्य चार दिवसही तग धरणार नाही. मग शस्त्रांवर पैसा घालण्यापेक्षा तो इस्पितळं, शाळा आणि घरांवर का खर्च करू नये?

तटस्थ देशांची संरक्षण धोरणं हा माझा बऱ्याच वर्षांचा अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. माझं मत आधीच सांगतो: खर्च केलाच पाहिजे, आणि गटात सामील झालेल्या देशापेक्षा तटस्थ देशाने तो अधिक गांभीर्याने केला पाहिजे. मात्र 'आपण जिंकू का?' या कसोटीवर हा खर्च तोलायला गेलं की हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो.

तटस्थतेबरोबर कर्तव्यं येतात, हे या चर्चेत सहसा कुणी बोलत नाही. १९०७ च्या हेग करारात ती लिहून ठेवली आहेत. लढणाऱ्या कोणत्याही पक्षाला आपल्या भूमीवरून सैन्य किंवा दारूगोळा नेऊ द्यायचा नाही. आश्रयाला आलेल्या परक्या सैनिकांना युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध ठेवायचं. आणि दहावं कलम सांगतं की तटस्थतेचा भंग बळाने रोखणं हे शत्रुत्वाचं कृत्य धरता येणार नाही. म्हणजे तटस्थ देशाकडे बळ असणार, हे कायद्याने गृहीतच धरलं आहे. ही कर्तव्यं पाळण्याची ताकद नसेल, तर दोन्ही बाजूंना एकच शंका येते: आपण आत शिरलो नाही तर समोरचा शिरेल. लहान देश बहुतेक वेळा या शंकेमुळेच चिरडले जातात.

१९४० च्या फेब्रुवारीत नॉर्वेत हेच घडलं. 'आल्टमार्क' हे जर्मन जहाज सुमारे ३०० ब्रिटिश कैदी पोटात लपवून नॉर्वेच्या सागरी हद्दीतून मायदेशी निघालं होतं. नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी ते अनेकदा थांबवलं, पण तळघर उघडून पाहिलं नाही. १६ फेब्रुवारीच्या रात्री ब्रिटिश विनाशिका 'कोसॅक' यॉसिंगफ्योर्डमध्ये घुसली आणि तिने कैदी सोडवून नेले. नॉर्वेच्या छोट्या नौका तिथे हजर होत्या. त्यांनी निषेध नोंदवला, दुसरं काही करणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. लंडनने अर्थ लावला की नॉर्वे जर्मन जहाजांना अडवू शकत नाही. बर्लिनने अर्थ लावला की नॉर्वे ब्रिटिशांना अडवू शकत नाही. नॉर्वेवरच्या स्वारीचा विचार जर्मनीत आधीपासून होताच, पण या घटनेनंतर पाच दिवसांत हिटलरने त्या मोहिमेचा सेनापती नेमला. ८ एप्रिलला ब्रिटनने नॉर्वेच्या पाण्यात सुरुंग पेरले, तेव्हा जर्मन जहाजं समुद्रात निघालेलीही होती. ९ एप्रिलला स्वारी झाली. दोन्ही बाजूंनी एका तटस्थ देशाची हद्द ओलांडली आणि दोघांनीही कारण एकच दिलं.

बलाढ्य मित्र असला की भागतं, असं म्हणणाऱ्यांनी आइसलँडचा इतिहास वाचावा. तो देश तटस्थ होता आणि त्याच्याकडे सैन्य नव्हतं. १० मे १९४० ला ब्रिटनने, म्हणजे ज्याला तो सज्जन समजत होता त्यानेच, तो ताब्यात घेतला. कारण जर्मनीने तिथे पाय रोवू नयेत. लाओसची कहाणी याहून फार क्रूर आहे. १९६२ मध्ये जिनिव्हात १४ देशांनी त्याच्या तटस्थतेच्या करारावर सह्या केल्या. उत्तर व्हिएतनामने त्याच्या जंगलांतून रसद नेणं थांबवलं नाही, लाओसला ते अडवता आलं नाही, आणि अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात त्या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले न फुटलेले बॉम्ब आजही तिथल्या शेतांत माणसं मारतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते अशा देशांबद्दल शब्दशः खरं आहे.

आता 'चार दिवसही टिकणार नाही' या मुद्द्याकडे येतो. तो वरवर बिनतोड वाटतो, पण टिकलेल्या प्रत्येक दिवसाला किंमत असते. त्याच ९ एप्रिलच्या पहाटे ऑस्लोच्या खाडीत ओस्कार्सबोर्ग किल्ल्यावर कर्नल बिर्गर एरिक्सन यांच्या हाताशी १८९० च्या दशकातल्या क्रुप तोफा, तितकीच जुनी टॉर्पेडो यंत्रणा आणि मोजकी, बरीचशी नवखी माणसं होती. त्यांनी 'ब्ल्यूशर' ही कोरी करकरीत जर्मन युद्धनौका बुडवली. राजधानी काबीज करायला निघालेली फौज काही तास खोळंबली. तेवढ्या तासांत राजे होकोन सातवे, मंत्रिमंडळ आणि संसद ऑस्लोबाहेर पडली, मध्यवर्ती बँकेचं सोनंही निघालं. पुढे परागंदा सरकार उभं राहिलं आणि सुमारे हजार जहाजांचा नॉर्वेचा व्यापारी ताफा त्याच्या हाती राहिला. देश पाच वर्षं ताब्यात गेला खरा, पण त्याच्या नावाने बोलणारं सरकार कुणी मिटवू शकलं नाही. त्याच दिवशी डेन्मार्कने काही तासांत शस्त्रं खाली ठेवली. सपाट जमीन आणि जर्मनीला लागून असलेली सीमा पाहता डेन्मार्कला मी दोष देत नाही, पण दोघांच्या वाट्याला आलेले पर्याय सारखे नव्हते.

१९१४ मध्येही हाच फरक दिसतो. बेल्जियमच्या तटस्थतेला १८३९ च्या कराराची हमी होती, लक्झेंबर्गला १८६७ च्या. लक्झेंबर्गला तर करारानेच आपला किल्ला पाडायला लावलं होतं. २ ऑगस्टला जर्मनीने लक्झेंबर्ग व्यापलं, आणि त्याच्यासाठी कुणी युद्ध पुकारलं नाही. बेल्जियमने वाट द्यायला नकार दिला, लिएजचे किल्ले १६ ऑगस्टपर्यंत झुंजले, आणि ब्रिटन मैदानात उतरलं. ब्रिटनला स्वतःचं हित होतं, हे उघड आहे. तरीही जो देश स्वतः लढत नाही त्याच्यासाठी आपली पोरं पाठवा, असं कोणत्याही संसदेला पटवणं महाकठीण असतं.

फिनलंड आणि बाल्टिक देशांची तुलना मला सर्वांत बोलकी वाटते. १९३९ च्या शरदात सोव्हिएत संघाने एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनियाकडे लष्करी तळ मागितले. तिघांनीही तटस्थता जाहीर केलेली होती. तिघांनी तळ दिले. पुढच्या जूनमध्ये तिथे सोव्हिएत फौजा घुसल्या, ऑगस्टमध्ये विलीनीकरण झालं, आणि स्वातंत्र्य परत मिळायला १९९१ उजाडलं. फिनलंडने नकार दिला. १०५ दिवसांच्या हिवाळी युद्धात सुमारे २५ हजार माणसं गेली आणि देशाचा जवळपास दहावा हिस्सा गेला. पण संसद, न्यायालयं, निवडणुका शाबूत राहिल्या. फिनलंड ते युद्ध हरला, हे मुद्दाम लक्षात घ्या. सैन्यावरचा खर्च त्याला विजय देऊ शकला नाही. मॉस्कोला मात्र संपूर्ण देश गिळणं परवडेना, एवढं त्याने नक्की केलं.

इथे स्वित्झर्लंडबद्दल थोडं खरं बोलायला हवं, कारण त्या उदाहरणाचा फार गैरवापर होतो. १९३९ मध्ये त्यांनी चार लाखांवर माणसं उभी केली. जनरल आंरी गिझाँ यांनी सैन्य आल्प्सच्या गाभ्यात नेलं. गॉटहार्ड आणि सिंप्लॉनचे बोगदे उडवून देण्याची तयारी ठेवली, आणि ते बोगदे जर्मनी-इटलीला हवेच होते. हे सगळं महत्त्वाचं होतं. पण त्याच बोगद्यांतून जर्मन माल जात होता आणि स्विस बँका जर्मनीचं सोनं विकत घेत होत्या. केवळ बंदुकांनी देश वाचला असं सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात, आणि केवळ बँकांनी वाचला म्हणणारेही. शीतयुद्धातल्या स्वीडनचंही तसंच आहे. स्वतः लढाऊ विमानं बनवणारा आणि महामार्गांच्या धावपट्ट्या करणारा हा देश नाटोशी गुप्त संधान बांधून होता, हे १९९४ मध्ये त्यांच्याच चौकशी आयोगाने मांडलं. शुद्ध, एकाकी तटस्थता इतिहासात जवळपास सापडत नाही.

आणि कोस्टा रिका? १ डिसेंबर १९४८ ला त्याने सैन्य मोडीत काढलं आणि तो पैसा शिक्षण-आरोग्याकडे वळवला. या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच महिन्यात निकाराग्वातून सशस्त्र टोळ्या आत आल्या, आणि अमेरिका खंडातल्या देशांच्या परस्पर संरक्षणाच्या, नुकत्याच लागू झालेल्या रिओ कराराचा आधार घ्यावा लागला. १९५५ मध्ये पुन्हा तेच झालं, तेव्हा अमेरिकेने त्याला चार मस्टँग लढाऊ विमानं प्रत्येकी एक डॉलरला विकली. २०१० च्या सीमावादात तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २०१५ मध्ये जिंकला. म्हणजे हा मार्ग चालतो, पण त्याला सबंध खंडाचा करार लागतो, कोर्टाचा निकाल मानणारा शेजारी लागतो आणि त्या खंडावर वचक असलेली मोठी सत्ता लागते. हे तिन्ही ज्याच्याकडे आहे त्याने जरूर सैन्य मोडावं. मोल्दोव्हाकडे यातलं काहीच नाही. तिथल्या १९९४ च्या राज्यघटनेच्या अकराव्या कलमात कायमची तटस्थता आणि परक्या सैन्याला बंदी लिहिलेली आहे, तरी रशियन सैनिक आजही ट्रान्सनिस्ट्रिया या त्याच्या फुटून निघालेल्या प्रदेशात आहेत. १० ऑक्टोबर २०२२ ला युक्रेनवर डागलेली रशियन क्षेपणास्त्रं त्याच्या हवाई हद्दीतून गेली, आणि त्यानंतर वर्षभराने कुठे त्याला फ्रान्सकडून एक आधुनिक रडार मिळालं.

मग पैसा कशावर घालायचा? माझा क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी आपल्या हद्दीत काय चाललंय ते दिसलं पाहिजे. रडार, सागरी गस्त, समुद्रतळावरच्या इंटरनेट-दूरसंचाराच्या तारांवर नजर. आयर्लंडचं पाहा. त्याच्याकडे लढाऊ जेट विमान एकही नाही. त्याच्या भोवतालच्या समुद्रातून अटलांटिकपलीकडे जाणाऱ्या अनेक तारा जातात. २०२२ च्या सुरुवातीला रशियन नौदलाने आयर्लंडच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापलीकडच्या त्याच्या हक्काच्या समुद्रात, सराव जाहीर केला, तेव्हा आपल्या बोटी घेऊन तिथे जाण्याची तयारी तिथल्या मच्छीमारांनी केली होती. सराव पुढे दुसरीकडे हलवला गेला. मच्छीमारांचं धैर्य मोठंच, पण ही जबाबदारी त्यांच्यावर येणं ही सरकारसाठी शोभेची गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट माणसं, आणि हीच सर्वांत दुर्लक्षित राहते. आयर्लंडच्या गस्तनौका खलाशी नाहीत म्हणून बंदरात उभ्या राहिल्या आहेत. पगार, निवास आणि बढतीच्या संधी यांवर खर्च केला की फोटो काढण्यासारखं काही मिळत नाही, म्हणून राजकारण्यांना तो आवडत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अपहरण झालेलं इथिओपियन विमान पहाटे जिनिव्हात उतरलं, तेव्हा सोबत इटलीची आणि फ्रान्सची लढाऊ विमानं होती. स्विस हवाई दल तेव्हा फक्त कचेरीच्या वेळेत सज्ज असायचं. विमानं होती, रात्रपाळी नव्हती. २०२० च्या अखेरपर्यंत त्यांनी ही सज्जता चोवीस तासांची केली.

तिसऱ्या क्रमांकावर हल्लेखोराला महाग पडतील अशी, तुलनेने स्वस्त शस्त्रं: जमिनीवरून विमानं आणि ड्रोन पाडणारी यंत्रणा, किनाऱ्यावरची क्षेपणास्त्रं, सुरुंग, प्रशिक्षित राखीव दल. मोठे रणगाडे-ताफे किंवा दूरवर मारा करणारी विमानं छोट्या तटस्थ देशाला क्वचितच लागतात. हद्दीच्या गस्तीपुरती थोडी विमानं पुरतात. नागरी संरक्षणही याच हिशेबात धरतो. फिनलंडमध्ये ५० हजारांवर निवारे आहेत, त्यांत सुमारे ४८ लाख लोक मावतात, आणि शांततेच्या काळात त्यांतले बरेच खेळायला किंवा गाड्या ठेवायला वापरले जातात. संगणकीय हल्ल्यांचंही तेच. १४ मे २०२१ ला आयर्लंडच्या आरोग्य सेवेवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि इस्पितळांची यंत्रणा ठप्प झाली. इस्पितळं की संरक्षण, ही निवड वाटते तितकी सरळ नाही, याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

देशाच्या उत्पादनाचे किती टक्के संरक्षणावर जातात, यावर मी फारसा भर देत नाही. आयर्लंडचं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) परदेशी कंपन्यांच्या नफ्यामुळे फुगलेलं आहे, तिथे टक्क्यांची तुलना फसवी ठरते. त्यापेक्षा सातत्य पाहावं. स्वीडनने २००५ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावरची रेजिमेंट बंद केली, २०१० मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबवली. २९ मार्च २०१३ च्या रात्री रशियन बॉम्बफेकी विमानांनी स्वीडनच्या दिशेने हल्ल्याचा सराव केला, तेव्हा स्वीडनचं एकही विमान उडालं नाही. नाटोच्या गस्तीसाठी लिथुआनियात असलेली डेन्मार्कची विमानं निघाली. बेटावर कायमची तुकडी परत यायला २०१६ उजाडलं, सक्तीची सेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. मोडायला एक अर्थसंकल्प पुरला, उभं करायला दशक लागलं. आणि २०२४ मध्ये स्वीडनने तटस्थतेचा मार्ग कायमचा सोडून नाटोत प्रवेश केला.

म्हणून तटस्थ राहायचं असेल, तर सत्ताधारी आणि विरोधी पक्षांनी मिळून किमान दहा वर्षांचा आराखडा मान्य करावा आणि तो दर निवडणुकीला उकरू नये. स्विस लोकांसारखं मतदान घ्यायचं असेल तर तेही घ्यावं. २७ सप्टेंबर २०२० ला तिथे नव्या लढाऊ विमानांसाठीचा ६ अब्ज फ्रँकचा निधी ५०.१ टक्के मतांनी, म्हणजे साडेआठ हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने मंजूर झाला. फरक इतका निसटता होता, तरी निर्णय लोकांनी स्वतः घेतला होता, आणि सरकारला खरेदी पुढे नेता आली.