कॉफीमेकर घुरघुरतो पण कॉफी उतरत नाही

प्रश्न : नमस्कार ताई, आमचा ड्रिपवाला कॉफीमेकर आताशा नुसता घुरघुरतो, वाफ सोडतो, चार कप कॉफी उतरायला खूप वेळ लागतो आणि ती पण कडवट. दुकानदार म्हणतो हीटर गेला, नवीन घ्या. काचेचं भांडं मी रोज घासते. आम्ही नागपुरात बेसा भागात राहतो, बोअरचं पाणी आहे. नणंद म्हणते लिंबू आणि खायचा सोडा टाकून चालव. चालेल का?

उत्तर : हीटर गेला असता तर पाणी तापलंच नसतं, त्यामुळे नवीन घ्यायची घाई अजिबात करू नका. या मशीनमध्ये पंप नसतो, टाकीतलं पाणी हीटरला चिकटलेल्या एका बारीक नळीत येतं, तिथं उकळतं आणि बुडबुडेच त्याला वर ढकलतात. बोअरच्या पाण्यातले क्षार तापले की कॅल्शियम कार्बोनेट होऊन याच नळीत बसतात, गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर, आणि नळी आतून अरुंद होत जाते. भांडं कितीही घासा, तिथं हात पोचतच नाही ना.

लिंबू-सोड्याचं म्हणाल तर फेस भरपूर येतो, पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. क्षाराला फक्त आंबट पाहिजे. इतवारीत किराणावाल्याकडे लिंबूसत्त्व सुटं मिळतं, ते लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून टाकीत भरा, कॉफी न घालता मशीन लावा, अर्धं पाणी उतरलं की बंद करून अर्धा तास तसंच राहू द्या आणि मग उरलेलं उतरवा. भांड्यात पांढरे पापुद्रे तरंगताना दिसतील, तीच तुमच्या नळीतली घाण. फार निघाले तर परत एकदा करा, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा चालवा. पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालूनही चालतो पण वास लवकर जात नाही. बाथरूमचं ॲसिड मात्र चुकूनही नको, आणि आंबटात ब्लीच तर मुळीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कडवटपणात जुन्या कॉफीच्या तेलाचाही हात असणार. गाळणीची टोपली नाकाशी धरून बघा, खवट वास आला की समजा. त्याला गरम पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश, झाकणाखाली पाणी ठिबकतं ते भोकही तसंच घासा. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व, पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांनी चालेल. टाकीत रात्रभर पाणी ठेवू नका, पावसाळ्यात तर झाकण उघडंच राहू द्या, नाहीतर आत बुरशी धरते.

प्रश्न : स्टीलच्या फिल्टरमधून डिकॉक्शन उतरतच नाही, काय करू?

उत्तर : भोकं बुजली असतील, चिकोरीवाली पावडर बारीक असली की हे होतंच. वरचं भांडं रिकामं करून चिमट्याने गॅसवर थोडा वेळ धरा, अडकलेला चुरा जळून जातो, मग पूर्ण गार झाल्यावर ब्रशने घासा, राहिलेल्या भोकात सुई घाला. पावडर चमच्याने जोरात दाबत असाल तर तेही बंद करा.