वाचकांचे प्रश्न : बागेतील डेकच्या फळ्या

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचे घर आहे. मागच्या वाडीत, माडांच्या सावलीत, जमिनीपासून दीड फूट उंच असा लाकडी डेक करायचा आहे. सुटीत नातवंडे येतात, ती तिथेच खेळतील. वखारीत आम्हाला हिरवट छटेच्या ट्रीटेड पाइनच्या फळ्या दाखवल्या. त्याहून बऱ्याच स्वस्त, 'एचटी' असा शिक्का असलेल्या पाइनच्या फळ्याही ट्रीटेडच आहेत, असे विक्रेता सांगतो. आमचे सुतार मात्र म्हणतात की किंजळीच्या फळ्या घ्या, काजूच्या टरफलांचे तेल पाजा, बाकी काही लागत नाही. आम्ही काय घ्यावे?
– एक वाचक, दापोली

उत्तर : शिक्क्याच्या स्वस्त फळ्या आधी बाजूला काढा. 'एचटी' म्हणजे 'हीट ट्रीटेड', उष्णता दिलेले; तो शिक्का मालाच्या खोक्यांवर आणि पॅलेटवर मारलेला असतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखले आणि त्यामुळे आतले किडे व अळ्या मेल्या, एवढाच त्याचा अर्थ. त्या प्रक्रियेनंतर लाकडात कोणतेही औषध उरत नाही, म्हणून वाळवी आणि बुरशी या दोघींना ते लाकूड साध्या पाइनइतकेच मोकळे असते. विक्रेता खोटे बोलतो असे नाही. 'ट्रीटेड' या एका शब्दाखाली उष्णता दिलेले, नुसते भट्टीत सुकवलेले, औषधात बुडवून काढलेले आणि दाबाने औषध भरलेले अशी सगळीच लाकडे विकली जातात. कोकणातल्या पावसात उघड्यावर राहणाऱ्या डेकसाठी यांतले फक्त शेवटचे उपयोगी आहे.

दाबाच्या प्रक्रियेत फळ्या बंद टाकीत ठेवून आधी त्यांच्यातली हवा ओढून घेतात आणि मग औषधाचे द्रावण दाबाने आत घुसवतात. औषध कितपत आत गेले हे पाहण्यासाठी फळीच्या टोकाकडे पाहू नये, कारण टोकातून ते सहज शिरते. विक्रेत्याला फळी मधोमध आडवी कापून दाखवायला सांगा. बाहेरच्या फिकट लाकडात हिरवट रंग सर्व बाजूंनी खोलवर दिसला पाहिजे. नुसत्या कडेला नखाएवढी रेघ असेल तर ती फळी घेऊ नये. मधल्या गडद गाभ्यात औषध फारसे शिरत नाही, म्हणून ज्या पाइनच्या फळीत गाभा जास्त ती टाळावी. कापून दाखवायला जो नकार देतो, त्याच्याकडून डेकचे लाकूड घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

पुढचा प्रश्न औषध कोणते, हा आहे, आणि नातवंडांमुळे तो तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे प्रसिद्ध मिश्रण सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शोधले. विजेचे खांब आणि कुंपणाचे डांब यांसाठी ते जगभर वापरले गेले आणि त्याची टिकाऊ शक्ती वादातीत आहे. परंतु त्यातले आर्सेनिक थोड्या प्रमाणात पृष्ठभागावर येत राहते. याच कारणाने अमेरिकेत घरगुती बांधकामासाठीचा त्याचा बहुतेक वापर २००३ च्या अखेरीस थांबवण्यात आला. आपल्याकडे ते अजून मिळते. मुले जिथे अनवाणी खेळतील, तिथे ते नको. त्याऐवजी तांबे आणि क्वाटर्नरी अमोनियम संयुग असलेले, किंवा तांबे आणि अझोल असलेले औषध मागा, आणि त्याचे नाव व मात्रा बिलावर लिहून घ्या. नुसत्या बोरॅक्स-बोरिकचे लाकूड छपराखाली उत्तम टिकते, पण उघड्यावर ते औषध पावसात धुऊन जाते.

मात्रा घनमीटरमागे किलोमध्ये सांगतात, आणि ती लाकूड कुठे बसणार यावर ठरते. आयात मालावर न्यूझीलंडच्या पद्धतीची 'एच ३.२' अशी खूण असेल तर तो माल जमिनीपासून वर, पावसात राहणाऱ्या भागासाठी असतो. जमिनीत गाडण्याचे खांब 'एच ४' किंवा त्याहून वरचे लागतात. बहुतेक जण सगळा खर्च वरच्या फळ्यांवर करतात आणि खालचे वासे साध्या लाकडाचे घालतात. डेक मात्र खालूनच जातो, कारण तिथे ऊन नाही, वारा कमी, आणि वाळवीची वाट जमिनीतूनच आहे. खांब मातीत गाडूच नका. जांभ्याच्या चिऱ्यांचे किंवा काँक्रीटचे ठोकळे करून त्यांवर धातूच्या बैठकीत खांब उभे करा, म्हणजे लाकूड आणि ओला चिरा यांच्यात बोटभर अंतर राहील. चिरा पाणी धरून ठेवतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

आता तुमच्या सुतारांचे म्हणणे. ते मुळीच टाकाऊ नाही. किंजळ कोकणच्या घरांत पूर्वापार वापरात आहे, आणि जुन्या, पक्क्या गाभ्याची फळी अर्धवट औषध गेलेल्या पाइनपेक्षा मला केव्हाही चालेल. अट एकच, फळीत कडेचा फिकट भाग नसावा, कारण तो कोणत्याही झाडाचा असला तरी लवकर कुजतो. सागही याला अपवाद नाही. लाकूड परवानगीने तोडलेले आहे, याचे कागद वखारीतून मागून घ्या. काजूच्या टरफलांचे तेल होड्यांना लावण्याची रीत जुनी आणि चांगली आहे. पण ते वरवरच मुरते, म्हणून दर वर्षी पावसाआधी पुन्हा लावावे लागते. शिवाय कच्चे तेल कातडीला भाजते, तेव्हा ते पूर्ण सुकल्याशिवाय मुलांना डेकवर सोडू नये.

तुमच्या जागी मी वासे आणि खांब दाबाने औषध भरलेले घेईन, आणि वरच्या फळ्या किंजळीच्या गाभ्याच्या चांगल्या मिळाल्या तर त्या, नाहीतर मधोमध कापून पारखलेल्या पाइनच्या. खरेदी दिवाळीनंतर करावी. फळ्या पडवीत, मध्ये पट्ट्या घालून, हवेशीर रचून सुकू द्याव्यात. बसवताना सुकलेल्या फळ्यांमध्ये सहा ते आठ मिलिमीटर फट ठेवावी, कारण जून ते सप्टेंबर त्या फुगतात. जिथे कापाल किंवा भोक पाडाल तिथले उघडे लाकूड लगेच तांबेयुक्त औषधाने दोनदा भिजवावे; हे काम सुतार हमखास टाळतात, तेव्हा स्वतः उभे राहून करून घ्यावे. खारे वारे आणि औषधातले तांबे दोन्ही लोखंड खातात, म्हणून ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रूच वापरावेत. ते महाग वाटतील, पण साध्या खिळ्यांच्या गंजाने फळीला भोके मोठी होतात आणि पाणी तिथूनच आत जाते.

प्रश्न : ट्रीटेड फळ्यांचे तुकडे आणि भुसा उरला आहे. तो पाणी तापवण्याच्या बंबात जाळला तर चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. बंबात नाही, चुलीत नाही आणि शेतात भाजणीतही नाही. आर्सेनिकचे मिश्रण असलेले लाकूड जाळले की त्याचा काही अंश धुरात जातो आणि बाकीचा राखेत साठतो. हीच राख आपल्याकडे भांडी घासायला आणि परसातल्या अळूला, मिरचीला घातली जाते. हा भुसा गोठ्यात अंथरू नये आणि खतातही टाकू नये. कापताना खाली ताडपत्री पसरावी, नाकावर मास्क बांधावा, भुसा गोणीत भरून तोंड बांधावे आणि नगर परिषदेच्या कचरा विभागाला त्यात काय आहे हे सांगून द्यावा. मोठे तुकडे मात्र पडवीबाहेर रचलेल्या सामानाखाली टेकू म्हणून कित्येक वर्षे कामाला येतील.